रॅपरने पुढे सोपवलेला कॉल नेमका अडकतो कुठे?

अबोली_क

मंडळी, प्रश्न ऑटोमेशन टेस्टिंगचा आहे. इथले काही जण रोज सेलेनियम, प्लेराइट वगैरेंवर (ब्राउझर कोडने चालवून वेबसाइट तपासणारी साधनं) काम करतात हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारते.

आमचं फ्रेमवर्क जावात आहे, खाली सेलेनियम ४. टेस्ट लिहिणारा थेट वेब एलिमेंटशी (पानावरचं बटण, चौकट वगैरे) बोलत नाही. पेज ऑब्जेक्टमधल्या (एका पानाचे एलिमेंट सांभाळणारा क्लास) प्रत्येक फील्डला आमचा फील्ड डेकोरेटर एक डायनॅमिक प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या एलिमेंटच्या जागी उभा राहणारा रॅपर, चिकटवतो. टेस्टने 'क्लिक' म्हटलं की ते प्रॉक्सीकडे जातं. प्रॉक्सी खऱ्या एलिमेंटवर तीच मेथड चालवते, लॉग लिहिते आणि काही बिनसलं तर पुन्हा प्रयत्न करते. पेज फॅक्टरी (ही फील्ड भरून देणारा सेलेनियमचा भाग), कॅश लुकअप (सापडलेला एलिमेंट धरून ठेवणं) वगैरे नेहमीचं सामान आहेच.

त्रास तीन प्रकारचा आहे. वेटला (ठरावीक वेळ पुन्हा पुन्हा तपासत राहणारा कोड) स्टेल एलिमेंट एक्सेप्शन (धरलेला एलिमेंट पानावर उरला नाही ही चूक) इग्नोर करायला सांगितलंय, तरी टेस्ट पहिल्याच फटक्यात पडते. एक टेस्ट एरवी हमखास पडते, पण डिबगर लावून पायरी पायरीने चालवली की हिरवी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अधूनमधून एक फॉर्म दोनदा सबमिट होतो, डेटाबेसमध्ये दोन नोंदी दिसतात.

टीममध्ये काही म्हणतात रॅपर काढून टाका, काही म्हणतात टाइमआउट वाढवा. मला दोन्ही पटत नाही. कॉल कोणत्या थरात बिघडतो ते कळल्याशिवाय काढायचं काय आणि वाढवायचं काय? तर मूळ प्रश्न असा: एक थर दुसऱ्याकडे काम सोपवतो अशा रचनेत बिघाड कुणाकडे आहे हे तुम्ही कसं शोधता?

खटपट्या

आधी पूर्ण स्टॅकट्रेस टाका. रिपोर्टमधली लाल ओळ नको, अगदी तळापर्यंतचा. त्याशिवाय सगळे अंदाजपंचे.

अबोली_क

@खटपट्या, हा घ्या. पॅकेजची नावं आणि मधल्या ओळी गाळल्या आहेत.

अनडिक्लेअर्ड थ्रोएबल एक्सेप्शन
… प्रॉक्सी१९.क्लिक
कॉज्ड बाय: इन्व्होकेशन टार्गेट एक्सेप्शन
… मेथड.इन्व्होक
कॉज्ड बाय: स्टेल एलिमेंट रेफरन्स एक्सेप्शन

बोरू

तुमच्या पहिल्या दुखण्याचं निदान याच तीन ओळींत आहे.

तुमचा हँडलर, म्हणजे प्रॉक्सीकडे आलेला कॉल हाताळणारा कोड, रिफ्लेक्शनने (मेथड थेट न लिहिता, चालू असताना शोधून चालवणं) मेथड इन्व्होक करतो. आतल्या मेथडने कुठलंही एक्सेप्शन फेकलं तरी रिफ्लेक्शन ते इन्व्होकेशन टार्गेट एक्सेप्शनमध्ये गुंडाळून देतं. हे वेष्टणाचं एक्सेप्शन चेक्ड जातीचं, म्हणजे मेथडने आधी जाहीर करावं लागणारं असतं. वेब एलिमेंटच्या इंटरफेसमधल्या क्लिकने असं कुठलं चेक्ड एक्सेप्शन जाहीर केलेलं नाही. मग जावाची प्रॉक्सी म्हणते, जाहीर न केलेलं मी बाहेर सोडू शकत नाही, आणि त्यावर आणखी एक वेष्टण चढवते. तेच तुमचं अनडिक्लेअर्ड थ्रोएबल.

आता वेटच्या बाजूने बघा. इग्नोर करायच्या यादीत तुम्ही स्टेल एलिमेंट लिहिलंय. वेट फक्त हातात आलेल्या एक्सेप्शनचा प्रकार तपासतो, त्याच्या पोटात काय आहे ते बघत नाही. हाती आलं अनडिक्लेअर्ड थ्रोएबल, ते यादीत नाही, म्हणून टेस्ट तिथेच पडते. वेटचा दोष नाही, टाइमआउटचा तर अजिबातच नाही. दहा मिनिटं दिली असती तरी पहिल्याच फटक्यात पडली असती.

उपाय दोन ओळींचा. इन्व्होक ट्रायमध्ये घाला, इन्व्होकेशन टार्गेट एक्सेप्शन कॅच करा आणि त्याचा गेट कॉज बाहेर फेका. सेलेनियमचा स्वतःचा लोकेटिंग एलिमेंट हँडलर उघडून बघा, त्यातही नेमकं हेच केलंय. स्टेल एलिमेंट रनटाइम जातीचं (जाहीर न करता फेकता येणारं) असल्यामुळे ते मग अडथळ्याशिवाय वेटपर्यंत पोचतं.

शून्यातून

+१ बोरू. वाचनखूण साठवली.

गवती_चहा

शीर्षकावरून मला वाटलं इव्हेंट डेलिगेशनबद्दल आहे, म्हणून धावत आले. तरी लिहून ठेवते, कारण टेस्टमध्ये त्याचाही जाच कमी नसतो.

पानावर शंभर बटणं असतात आणि ऐकणारा एकच, वरच्या डब्याला लावलेला. टेस्टमधून कुणी हाताने इव्हेंट बनवून डिस्पॅच करतं आणि काहीच घडत नाही. कारण न्यू इव्हेंट म्हटलं की बबल्स आपोआप खोटं असतं. इव्हेंट बटणावरच थांबतो, वरच्याला पत्ताच नाही. बबल्स खरं करून दिलं की चालतं. फोकस आणि ब्लर तर मुळात वर चढतच नाहीत, त्यांच्याऐवजी फोकसइन आणि फोकसआउट ऐकावे लागतात. आणि शॅडो डॉमच्या (घटकाच्या आतला, बाकी पानापासून वेगळा राखलेला भाग) बाहेर इव्हेंट न्यायचा असेल तर कंपोज्डही खरं हवं.

रिअ‍ॅक्टवाल्यांसाठी आणखी एक. २०२० साली आलेल्या आवृत्ती १७ पासून रिअ‍ॅक्ट आपले लिसनर डॉक्युमेंटवर न लावता अ‍ॅपच्या रूट कंटेनरवर लावतं. डॉक्युमेंटवर स्वतःचा लिसनर लावून स्टॉप प्रोपगेशनच्या (इव्हेंट पुढे जाणं थांबवणं) क्रमावर विसंबलेल्या जुन्या टेस्ट तेव्हा पडल्या, त्याचं कारण बऱ्याच जणांना उशिरा कळलं.

अबोली_क

@गवती_चहा, माझा प्रश्न तो नव्हता, पण फोकस-ब्लरचं आमच्याही एका टेस्टला लागू पडेल असं दिसतंय. आभार.

@बोरू, तुम्ही सांगितलेला बदल केला. वेट आता वागतो. पहिलं दुखणं गेलं! स्टॅकट्रेसही कितीतरी आखूड झाला. आता डिबगरचं कोडं.

आडवाटे

थोडं कडू बोलतो. हँडलर नीट करत बसू नका, तो काढूनच टाका. 'येईल ती मेथड पुढे ढकल' ही कल्पनाच वाईट. टेस्टना लागतं काय? क्लिक, टाइप, मजकूर वाच, दिसतंय का बघ, आणखी चार-दोन गोष्टी. त्यांच्या साध्या मेथड हाताने लिहा. कोण कुणाला बोलावतंय ते एडिटरमध्ये एका क्लिकवर कळेल. प्रॉक्सीत स्टॅकट्रेसही धड वाचता येत नाही आणि 'हे कुठे वापरलंय' असं शोधलं तरी हाती काही लागत नाही.

यंत्रगती

@आडवाटे, अर्धं पटलं. पण हाताने लिहिलेल्या रॅपरमध्ये एक सापळा आहे.

सेलेनियम ४ मध्ये वेब एलिमेंटच्या इंटरफेसला काही मेथड नव्याने जोडल्या: गेट डॉम अ‍ॅट्रिब्यूट, गेट डॉम प्रॉपर्टी, गेट शॅडो रूट वगैरे. जुना कोड मोडू नये म्हणून त्या डिफॉल्ट मेथड ठेवल्या आहेत आणि डिफॉल्ट अंमल म्हणजे अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन फेकणं. आता तुमचा हाताने लिहिलेला रॅपर वेब एलिमेंट इंप्लिमेंट करत असेल, तर नव्या आवृत्तीवर तो बिनतक्रार कंपाइल होतो. मग कुणीतरी गेट डॉम प्रॉपर्टी वापरतं आणि रनटाइमला कळतं की रॅपर ती पुढे देतच नाही. निरोप असा येतो की वाचणाऱ्याला वाटावं, ब्राउझरलाच हे जमत नाही. खरं तर खाली बसलेल्या रिमोट वेब एलिमेंटला ते व्यवस्थित जमतं, त्याच्यापर्यंत कुणी विचारायला गेलेलंच नसतं.

म्हणजे प्रॉक्सी सगळं पुढे देते म्हणून धोका, आणि हाताने लिहिलेला रॅपर काही पुढे देत नाही म्हणून धोका. कुठला पत्करायचा ते टीमने ठरवावं.

आडवाटे

@यंत्रगती, हा डिफॉल्ट मेथडचा मुद्दा बिनतोड आहे. पण माझा रॅपर वेब एलिमेंट इंप्लिमेंट करणारच नाही. स्वतःचा छोटा इंटरफेस, आत एलिमेंट लपवलेला. नसलेली मेथड कुणी वापरली तर कंपायलरच अडवेल.

यंत्रगती

अशी रचना असेल तर माझा आक्षेप नाही. फक्त मग सेलेनियमच्या सिलेक्ट, अ‍ॅक्शन्स, स्क्रिप्ट वगैरेंना एलिमेंट द्यायची वेळ आली की आतला बाहेर काढून द्यावा लागतो, आणि तो बाहेर काढला की लॉगही गेला आणि रिट्रायही गेला.

मधली_सुट्टी

हे सगळं म्हणजे 'साहेब पलीकडच्या टेबलावर बसतात' असं झालं. फाइल प्रत्येक टेबलावर जाते, शेरा प्रत्येक जण मारतो, सही कुणाचीच नाही.

खटपट्या

@मधली_सुट्टी, :ड आणि मग शेवटच्या टेबलावरचा म्हणतो, टाइमआउट झाला, सोमवारी या.

सायंतारा

पायथॉनवाल्यांची बाजू मांडते. आमच्याकडे प्रॉक्सी लागत नाही, डबल अंडरस्कोअरवालं गेटअ‍ॅटर लिहिलं की संपलं: माझ्याकडे नाही ते ड्रायव्हरकडे माग. दिसायला दोन ओळी, पण त्यातून निघणारा एक घोळ फार फसवा आहे.

पेज क्लासमध्ये सर्च बॉक्स नावाची प्रॉपर्टी आहे समजा. तिच्या आत कुठेतरी नन (पायथॉनची 'काहीच नाही' ही किंमत) आला आणि त्याच्यावर टेक्स्ट मागितलं. अ‍ॅट्रिब्यूट एरर आला. पायथॉनचा नियम असा की नेहमीच्या शोधात अ‍ॅट्रिब्यूट एरर आला तर 'ही गोष्ट इथे नाही' असं समजून गेटअ‍ॅटर बोलवायचं. तो एरर प्रॉपर्टीच्या पोटातून आलाय हे बघितलं जात नाही. खरा एरर तिथेच गिळला जातो. गेटअ‍ॅटर ड्रायव्हरकडे सर्च बॉक्स मागतं, ड्रायव्हरकडे तो कसा असणार? शेवटी निरोप मिळतो: 'वेबड्रायव्हरला सर्च बॉक्स नावाचं काही नाही.' समोर तर प्रॉपर्टी ढळढळीत लिहिलेली दिसतेय! माणूस स्पेलिंग तपासतो, इंपोर्ट तपासतो, कॅश पुसतो. नन कुठे होता ते कुणी बघतच नाही.

शोधायची युक्ती: प्रॉपर्टीच्या आतला मजकूर तात्पुरता साध्या, वेगळ्या नावाच्या मेथडमध्ये हलवा आणि ती थेट बोलवा. मेथड सापडलेली असते, त्यामुळे तिच्या आतला एरर सरळ बाहेर येतो.

आणखी एक: लेन, बरोबर-बरोबरची तुलना यांसारख्या गोष्टी पायथॉन ऑब्जेक्टवर नाही तर त्याच्या क्लासवर शोधतो. त्या गेटअ‍ॅटरपर्यंत येतच नाहीत. एकाच एलिमेंटचे दोन रॅपर समान निघत नाहीत ते यामुळे. आणि अ‍ॅक्शन चेन्सला रॅपर दिला तर मूव्ह टू ला वेब एलिमेंटच लागतो म्हणून ते सरळ नकार देतं, मग रॅपर कितीही हुबेहूब वागो.

कडबा

रुबीत याच जातीचा एक एरर मी कधीच विसरणार नाही. ड्रॉपडाउनमधून पर्याय निवडायचा होता. आमच्या पेज क्लासच्या आतून, समोर रिसीव्हर (कुणाची मेथड ते) न लिहिता, सिलेक्ट म्हटलं; मेथड मिसिंग (न सापडलेली मेथड हाताळणारी सोय) ते कॅपिबाराच्या (रुबीतलं ब्राउझर टेस्टिंगचं साधन) सेशनकडे पोचवेल अशी रचना. उत्तर आलं: 'राँग अर्ग्युमेंट टाइप स्ट्रिंग, एक्स्पेक्टेड अ‍ॅरे.' ड्रॉपडाउनचा आणि अ‍ॅरेचा काय संबंध?

संबंध असा की रुबीत प्रत्येक ऑब्जेक्टला कर्नलमधून एक सिलेक्ट मिळालेलाच असतो, फाइल आणि सॉकेटची वाट बघणारा. मेथड 'मिसिंग' नव्हतीच, त्यामुळे मेथड मिसिंग चाललंच नाही. कॉल भलत्याच घरी पोचला आणि त्या घरच्याने आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. अशा वेळी सेल्फ.मेथड(:सिलेक्ट).ओनर छापून बघायचं. मालकाचं नाव आलं की वाद संपतो.

त्यात रुबी ३ मध्ये कीवर्ड अर्ग्युमेंट (नावाने दिलेली) वेगळी झाली तेव्हा फक्त स्टार-आर्ग्स पुढे देणाऱ्या मेथड मिसिंगनी मान टाकली. कारण नावाने दिलेले पर्याय पलीकडे साध्या हॅशच्या रूपात पोचायला लागले. २.७ मध्ये आधी इशारे येत होते, पण लॉगमधले इशारे वाचतो कोण!

शून्यातून

जावास्क्रिप्टचंही एक घ्या, कारण हे मी बऱ्याच रेपोंमध्ये पाहिलंय. पेजभोवती प्रॉक्सी, जी कुठलीही प्रॉपर्टी मागितली तरी 'हे घे फंक्शन, पुढे पाठवते' असं म्हणते. ती एखाद्या असिंक फंक्शनमधून रिटर्न केली की टेस्ट तिथेच गोठते. एरर नाही, काही नाही. प्लेराइट टेस्ट असेल तर ३० सेकंदांनी नेहमीचा टाइमआउट.

कारण अवेटच्या (निकालाची वाट बघण्याच्या) वेळी जावास्क्रिप्ट त्या ऑब्जेक्टला विचारते, तुझ्याकडे देन (निकाल आल्यावर पुढचं काम सांगायची मेथड) आहे का? आपली प्रॉक्सी सगळ्याला हो म्हणते. मग ते देन चालवलं जातं आणि रिझॉल्व्ह कधी होतं याची वाट बघितली जाते. ते कधीच होत नाही. प्रॉक्सीच्या गेट ट्रॅपमध्ये (प्रॉपर्टी मागितली की चालणारा कोड) देनसाठी अनडिफाइंड द्या, गाडी चालू.

प्लेराइटचं आणखी एक सांगायचं तर पेज.क्लिक हे मुळात मेन फ्रेमच्या क्लिकवर सोपवलेलं असतं. आयफ्रेममधलं (पानात बसवलेलं दुसरं पान) बटण त्याला दिसणार नाही, फ्रेम लोकेटरनेच जावं लागतं. 'बटण समोर दिसतंय तरी सापडत नाही' अशी तक्रार आली की मी आधी फ्रेम विचारतो.

जुनं_खोड

वाचून जुने दिवस आठवले. सेलेनियम २००४ मध्ये सुरू झालं. नंतरच्या आरसीच्या (सेलेनियम रिमोट कंट्रोल) काळात तर अख्खी रचनाच सोपवासोपवीची होती. आपला कोड आरसी सर्व्हरला सांगायचा, सर्व्हर ब्राउझरमध्ये घुसवलेल्या जावास्क्रिप्टला सांगायचा, आणि ती पानावर क्लिक करायची. सेम ओरिजिन पॉलिसीतून (एका साइटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटला हात लावू न देणारा ब्राउझरचा नियम) वाट काढायला सर्व्हर प्रॉक्सी बनून मध्ये बसायचा. २०११ ला सेलेनियम २ आलं तेव्हा जुन्या टेस्ट चालाव्यात म्हणून वेबड्रायव्हर बॅक्ड सेलेनियम दिलं होतं, म्हणजे जुन्या नावांची हाक नव्या यंत्राकडे पोचवणारा थर. वेबड्रायव्हरचं प्रमाणीकरण डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये केलं आणि तळाचा थर बऱ्यापैकी सरळ झाला. वरचे थर मात्र आपण आपल्या हौसेने चढवत राहिलो.

त्या प्रमाणीकरणाचा डिबगिंगला मोठा उपयोग आहे, आणि तेच अबोलीताईंच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. वर कितीही थर असोत, शेवटी ब्राउझरच्या ड्रायव्हरकडे साधी एचटीटीपी विनंती जाते. क्लिक म्हणजे एक पोस्ट, एलिमेंट शोधणं म्हणजे एक पोस्ट. म्हणून वरून खाली खोदत जाऊ नका, तळापासून सुरुवात करा. क्रोमड्रायव्हर (क्रोम चालवणारा ड्रायव्हर) व्हर्बोज, म्हणजे सविस्तर लॉगसह चालवा आणि बघा की तळाशी नेमकं काय पोचलं. क्लिक पोचलाच नाही तर घोळ वरच्या थरांत. एकदाच पोचला आणि तरी दोन नोंदी झाल्या तर घोळ ॲप्लिकेशनमध्ये, तुमचं फ्रेमवर्क निर्दोष. दोनदा पोचला तर कुणीतरी मध्ये पुन्हा पाठवतोय. वादाला जागाच उरत नाही.

अबोली_क

@जुनं_खोड, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आजच लावते.

बोरू

दरम्यान डिबगरच्या कोड्याबद्दल. अबोली, तुमचा आयडीई व्हेरिएबलच्या खिडकीत ऑब्जेक्टपुढे मजकूर दाखवतो ना? तो टू स्ट्रिंग बोलवून दाखवतो. तुमच्या फील्डमध्ये आहे प्रॉक्सी, आणि जावाची प्रॉक्सी टू स्ट्रिंग, इक्वल्स, हॅशकोड हे तिन्ही हँडलरकडेच पाठवते. पेज फॅक्टरीच्या धर्तीवरचा हँडलर कुठलीही मेथड आली तरी आधी एलिमेंट शोधतो. म्हणजे तुम्ही ब्रेकपॉइंटवर नुसतं थांबून बघताय, आणि तिकडे आयडीई तुमच्या वतीने पानावर एलिमेंट शोधतोय!

त्यात कॅश लुकअप. पहिल्यांदा सापडलेला एलिमेंट कायमचा धरून ठेवायचा. एरवी टेस्ट घाईने येते, पान अजून मांडलं जात असतं, त्या वेळचं बटण पकडलं जातं. नंतर पान ते बटण फेकून नवं काढतं आणि तुमच्या हातात मेलेला संदर्भ उरतो. रिट्राय करूनही उपयोग नाही, कारण दर वेळी कॅशमधून तोच मेलेला मिळतो. डिबगरमध्ये तुम्ही थांबता, तेवढ्यात पान स्थिर होतं, आयडीई टू स्ट्रिंग बोलवतो, पक्कं बटण कॅशमध्ये बसतं आणि टेस्ट हिरवी.

खात्री करायची तर इंटेलिजे असल्यास डिबगरच्या डेटा व्ह्यूजमध्ये टू स्ट्रिंगने दाखवायची सोय बंद करता येते. ती बंद करा, ब्रेकपॉइंट थोडा मागेपुढे हलवा, निकाल बदलतो का बघा. आणि सतत पुन्हा मांडल्या जाणाऱ्या भागांवरचा कॅश लुकअप काढून टाका.

सायंतारा

अरे बापरे. बघितल्याने बदलणारा बग. आणि इंप्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागणारी वाट) लावलेला असेल तर डिबगरची खिडकीही तेवढी सेकंदं गोठत असेल ना?

बोरू

@सायंतारा, हो, एलिमेंट पानावर नसेल तर गोठते. इंप्लिसिट आणि एक्स्प्लिसिट वेट एकत्र करू नका असं सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्येच बजावलंय. १० सेकंदांचा इंप्लिसिट आणि १५ चा एक्स्प्लिसिट असेल तर २० सेकंदांनी टाइमआउट होऊ शकतो, असं उदाहरणही दिलंय. वेट हाही पुढे सोपवलेलाच असतो: वरचा थर त्याच्या घड्याळाने मोजतो, खालचा त्याच्या.

वाटसरू२

ग्रूव्हीत जेब (ग्रूव्ही भाषेतलं ब्राउझर टेस्टिंगचं साधन) वापरणारं कुणी आहे का? तिथे ब्राउझर न ओळखलेली प्रत्येक मेथड आणि प्रॉपर्टी 'सध्याच्या पेज'कडे पाठवतो. क्लिकनंतर पान बदललं, पण आपण अ‍ॅट किंवा टू ने तसं सांगितलं नाही, तर सध्याचं पेज जुनंच राहतं आणि हाक जुन्या क्लासकडे जाते. एररमध्ये जुन्या पेजचं नाव दिसलं की समजायचं. शिवाय क्लोजरमध्ये (हातात देता येणारा कोडचा तुकडा) ग्रूव्ही आधी ओनरला (तो जिथे लिहिला त्याला) विचारतो, मग डेलिगेटला (ज्याच्याकडे सोपवलंय त्याला). टेस्ट क्लासमध्ये त्याच नावाचं फील्ड असलं की पेजवरचं झाकलं जातं, आणि एररही येत नाही, चुकीची किंमत मुकाट मिळते.

अबोली_क

मंडळी, तिसरं दुखणंही सापडलं! जुनं_खोड यांचे मनापासून आभार.

रात्री पाइपलाइनमध्ये व्हर्बोज लॉग लावून ठेवला होता. दोन नोंदी झालेल्या रनचा लॉग उघडला. क्रम असा:

कमांड क्लिक एलिमेंट
रिस्पॉन्स क्लिक एलिमेंट
कमांड गेट एलिमेंट टेक्स्ट
रिस्पॉन्स गेट एलिमेंट टेक्स्ट, एरर: स्टेल एलिमेंट रेफरन्स
कमांड फाइंड एलिमेंट
कमांड क्लिक एलिमेंट

पहिला क्लिक व्यवस्थित झालाय. मग मधलं गेट एलिमेंट टेक्स्ट कुठून आलं? टेस्टमध्ये तसं काहीच नाही. ते आमच्या लॉगरचं. क्लिक झाल्यावर 'अमुक बटणावर क्लिक केलं' असं लिहायला तो बटणाचा मजकूर मागतो. तोवर फॉर्म गेलेला असला तर बटण जागेवर नाही, म्हणून स्टेल. लॉगर आणि क्लिक एकाच ट्रायमध्ये, त्यामुळे रिट्रायला वाटलं क्लिकच फसला. त्याने एलिमेंट नव्याने शोधला. सर्व्हर मंद असला की तोच फॉर्म पुन्हा मांडलेला असतो, बटण सापडतं, दुसरा क्लिक. सर्व्हर चपळ असला की पुढचं पान आलेलं असतं. 'अधूनमधून' का, तेही कळलं.

आता लॉगर लोकेटरचा मजकूर वापरतो, पानाला काही विचारत नाही. आणि रिट्राय फक्त शोधणं आणि वाचणं एवढ्यावरच ठेवलाय. क्लिक, सेंड कीज, सबमिट यांना रिट्राय नाही. त्यांच्या आधीची वाट बघणं टेस्टने स्पष्ट लिहायचं.

डिबगरचं बोरू यांनी सांगितलं तसंच निघालं. ब्रेकपॉइंट पान मांडलं जाण्याच्या आधी आणला की डिबगरमध्येही टेस्ट पडते. कॅश लुकअप त्या पेजवरून काढला.

खटपट्या

जबरदस्त. लॉग लिहिणाऱ्यानेच घोळ घातला आणि लॉगनेच पकडला.

आडवाटे

अभिनंदन. तरी माझं मत कायम आहे, हे सगळं त्या सब घोडे बारा टक्के हँडलरमुळे झालं. क्लिक आणि गेट टेक्स्ट यांना एकच रिट्राय लावण्याचा मोह हाताने लिहिलेल्या मेथडमध्ये झाला नसता.

यंत्रगती

@आडवाटे, हे मान्य. वाचणारी आणि बदल घडवणारी मेथड यांत हँडलरने फरक केलाच पाहिजे. अबोली, एक सुचवू का? हँडलरसाठी स्वतंत्र युनिट टेस्ट लिहा, ब्राउझरशिवाय. एक खोटा वेब एलिमेंट, जो आलेला प्रत्येक कॉल वहीत टिपतो. रिफ्लेक्शनने इंटरफेसमधल्या सगळ्या मेथडवर फिरा आणि तपासा: कॉल पोचला का, एकदाच पोचला का, अर्ग्युमेंट तीच आहेत का, आणि आतून फेकलेलं एक्सेप्शन त्याच प्रकाराचं बाहेर आलं का. शेवटच्या तपासणीने तुमचं पहिलं दुखणं पहिल्याच दिवशी पकडलं असतं. सेलेनियमची आवृत्ती बदलली की नव्या मेथडही आपोआप तपासल्या जातील.

अबोली_क

@यंत्रगती, हे लगेच करण्यासारखं आहे. एक उपप्रश्न: जावास्क्रिप्ट एक्झिक्यूटरला आमची प्रॉक्सी दिली की 'अर्ग्युमेंट इज ऑफ अ‍ॅन इल्लिगल टाइप' येतं. प्रत्येक ठिकाणी आतला एलिमेंट हाताने काढून देतोय.

बोरू

प्रॉक्सी बनवताना इंटरफेसच्या यादीत रॅप्स एलिमेंट घाला आणि हँडलरमध्ये गेट रॅप्ड एलिमेंट आलं की खरा एलिमेंट परत द्या. स्क्रिप्टला पाठवण्याआधी सेलेनियम रॅप्स एलिमेंट दिसत राहील तोवर सोलत जातो. तुमची प्रॉक्सी ते इंटरफेस दाखवत नसल्यामुळे त्याला सोलायचं काही कळत नाही.

जुनं_खोड

आणि नव्याने करायचंच असेल तर स्वतःच्या प्रॉक्सीऐवजी सेलेनियम ४ मधला इव्हेंट फायरिंग डेकोरेटर बघा. बिफोर क्लिक, आफ्टर क्लिक असे लिसनर लिहायचे. लिसनरने फेकलेलं एक्सेप्शन डेकोरेटर मूळ कॉलपर्यंत पोचू देत नाही. म्हणजे आफ्टर क्लिकमध्ये लॉगर पडला तरी क्लिक झाला तो झालाच. रिट्राय मात्र त्यात बसत नाही, तो वेटमध्ये ठेवायचा.

अबोली_क

रॅप्स एलिमेंट घातल्याबरोबर स्क्रिप्टची तक्रार थांबली. डेकोरेटरसाठी वेगळी ब्रँच काढतेय, आधी लॉगिंग तिकडे हलवते. आडवाटे, तुमच्या छोट्या इंटरफेसचा एखादा नमुना इथे टाकाल का? टीमसमोर दोन्ही रचना ठेवून ठरवायचं म्हणतेय.

आडवाटे

टाकतो, आज रात्री.